राजवाडा नव्हे, तुरुंग : थिबा राजा, टुटू आणि रत्नागिरीची सोयीस्कर आठवण

थिबा पॉइंटवरून दिसणारी भाट्याची खाडी, मावळता सूर्य, मागे संथ बासरी, आणि त्यावर अक्षरे उमटतात : ब्रह्मदेशाचा राजा इथेच बसून मायभूमीच्या आठवणीने अश्रू ढाळीत असे. गेल्या महिन्याभरात अशा चार चित्रफिती मला मित्रमंडळींनी मोठ्या कौतुकाने पाठवल्या. ‘तू रत्नागिरीची ना? बघ, तुझं गाव!’ गाव माझेच आहे, सूर्यास्तही खरा आहे. उरलेल्या गोष्टीबद्दल मात्र मला भांडायचे आहे. हा थ्रेड लांब आहे आणि थोडा रागाने लिहिलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या इमारतीला आपण थिबाचा राजवाडा म्हणतो, ती त्याच्या राज्याची खूण नव्हे, ती त्याच्या कैदेची खूण आहे. राजवंशाचा खरा वारसा या गावात राहिला तो लाकडात आणि जांभ्या दगडात नव्हे, तर एका बाईच्या रूपाने. ती बाई २००० सालापर्यंत आपल्यातच जगत होती. आपण इमारत जपली, तिच्यासमोर फोटो काढले आणि त्या बाईकडे पाठ फिरवली.

आता सुरुवातीपासून.

थिबा हा कोनबाउंग वंशाचा शेवटचा राजा. १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर बसला तेव्हा वयाची विशीही त्याने ओलांडली नव्हती. तोवर खालचा ब्रह्मदेश, रंगूनसकट, दोन युद्धांत इंग्रजांनी गिळलेला होता. उरला होता वरचा ब्रह्मदेश : इरावतीचे खोरे, माणकांच्या खाणी आणि सागवानाची जंगले. या सागवानाभोवतीच तिसऱ्या युद्धाची ठिणगी पडली, आणि ज्या कंपनीवरून ती पडली तिचे नाव होते बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत बस्तान असलेली कंपनी. करारापेक्षा जास्त लाकूड नेले आणि त्यावरचा कर बुडवला, असा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त हवेच होते. मंडाले दरबार फ्रेंचांशी बोलणी करतो आहे, याची धास्ती त्यांच्या मनात आधीपासून होती. ऑक्टोबरात निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यावर जनरल प्रेंडरगास्टचे सैन्य आगबोटींतून इरावतीने वर सरकू लागले आणि पंधरवड्याच्या आत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा, राणी सुपयालत आणि त्यांच्या लेकी यांना बैलगाड्यांतून नदीकाठी नेले गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रजा उभी होती.

या फौजेत फार मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता, हेही विसरू नये. आपल्याकडे ‘ब्रह्मदेशाचा दुर्दैवी राजा आमच्या गावात आला’ असे सांगतात, जणू काही वादळात भरकटलेले गलबत किनाऱ्याला लागले! त्याला इथे आणणाऱ्या यंत्रणेत मुंबईची कंपनी होती, हिंदी शिपाई होते आणि हिंदुस्थान सरकारचा खजिना होता.

त्याच वेळी दुसरा आवाजही मुंबईतच उठला होता, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ गळालेला आहे. १८८५ च्या डिसेंबरअखेरीस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. बहात्तर प्रतिनिधी, सभ्य भाषा, नम्र मागण्या, हे सारे आपण घोकलेले असते. पण त्या अधिवेशनाच्या ठरावांत वरच्या ब्रह्मदेशाच्या विलीनीकरणाला नापसंती दर्शवणारा एक ठराव होता. विलीन करायचेच असेल तर ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयच्या कारभारातून वेगळा काढावा, अशी पुस्तीही त्याला जोडलेली होती. त्यामागे खर्चाचा हिशेब होता हे मान्य. तरीही थिबाला पदच्युत करून जेमतेम महिना लोटला होता, तोच मुंबईतल्या एका सभागृहात हे बरे झाले नाही अशी नोंद झाली. सरकारने अर्थातच ऐकले नाही. १ जानेवारी १८८६ रोजी विलीनीकरण जाहीर झाले आणि व्हाइसरॉय डफरिनच्या पदवीला पुढे ‘आवा’ हे ब्रह्मी राजधानीचे नाव दागिन्यासारखे जोडले गेले.

राजकुटुंबाला आधी मद्रासला ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. रत्नागिरीच का? निसर्गसौंदर्यासाठी नव्हे, एवढे नक्की. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद. रेल्वे नाही, आणि ती पुढेही शंभर वर्षे येणार नव्हती. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. ज्या अडचणीबद्दल आपण कोकणी माणसे पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरत आलो, ती अडचणच सरकारला येथे सोयीची वाटली. आमचे गाव निवडले गेले ते त्याच्या एकाकीपणासाठी.

थिबा या गावात तीस वर्षांहून अधिक काळ होता. त्यातली पहिली चोवीस वर्षे तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिला. आज ज्याला राजवाडा म्हणतात, त्यात तो १९१० च्या अखेरीस राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तिथेच वारला. म्हणजे जेमतेम सहा वर्षे. बांधकाम सरकारचे होते. आराखड्याबद्दल राजाचे मत विचारात घेतले गेले, ब्रह्मी सागवान वापरले गेले, उतरती छपरे आणि अर्धगोल खिडक्या झाल्या, इमारत देखणी झाली, हे सगळे खरे. पण फाटकावर पहारा होता, राजकुटुंबावर लक्ष ठेवण्यासाठी पोलीस अधिकारी नेमलेला होता आणि बाहेर पडायचे तर परवानगी लागत होती. नेमणुकीची रक्कम सरकार ठरवी. ती पुरत नसे, मग मंडालेहून आणलेली माणके एकेक करून विकली जात आणि कर्ज वाढत जाई. नगा मौक नावाचे प्रख्यात माणिक तर मंडाले सोडतानाच नाहीसे झाले. ते आपण कर्नल स्लेडनच्या हाती सांभाळण्यासाठी दिले होते, असे राजा सांगत राहिला. त्याने पत्रे लिहिली; माणिक काही परत आले नाही.

शाळेच्या सहलीत आम्हाला ही इमारत दाखवली तेव्हा बरोबरच्या बाईंनी सांगितले होते, ‘बघा मुलांनो, इंग्रजांनी शत्रूच्या राजालासुद्धा किती मानाने ठेवलं!’ मला तेव्हा ते पटले होते. पुढे कितीतरी वर्षे पटलेलेच राहिले, हे कबूल करते. एम.ए.ला आल्यावर एका तासाला सरांनी सहज विचारले, की ज्या फाटकाची किल्ली घरमालकाकडे नसते त्या घराला काय म्हणतात? उत्तर फार अवघड नव्हते. ते सुचायला मला पंधरा वर्षे लागली, एवढेच.

आणि एक योगायोग, जो रत्नागिरीच्या प्रत्येक मुलाला सांगायला हवा. १८५६ मध्ये या गावात जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली आणि त्यांना ठेवले गेले ते मंडालेला. १९१४ पर्यंत ते तिथे होते. ‘गीतारहस्य’ तिथेच लिहिले गेले. म्हणजे सहा वर्षे मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदी होता आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत. एकाच सरकारने, एकाच हिशेबाने, दोन गावांतली माणसे अशी अदलाबदल करून ठेवली होती. टिळकांच्या मंडालेतल्या कोठडीला आपण कधी ‘टिळकांचा मंडाले येथील निवास’ म्हणत नाही. मग थिबाच्या कैदेला राजवाडा म्हणताना आपली जीभ का अडखळत नाही?

इथे प्रतिक्रियांत कुणीतरी लिहीलच, म्हणून आधीच उत्तर देते. होय, थिबा गादीवर आल्यानंतर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कितीतरी भाऊबंदांची कत्तल झाली. गादीला धोका नको म्हणून दरबारातल्या बलवान गटाने ती घडवून आणली. तरुण राजाच्या नावाने ती झाली आणि त्या रक्ताचे डाग त्याच्या नावावरून पुसता येणार नाहीत. पुसूही नयेत. पण इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘दारुडा, रक्तपिपासू थिबा’ हे चित्र उच्चरवाने रंगवले ते युद्धाच्या समर्थनासाठी, मेलेल्या राजपुत्रांच्या कळवळ्याने नव्हे. कत्तल १८७९ ची, स्वारी १८८५ ची. मधल्या सहा वर्षांत तो कळवळा कुठे होता? तो सागवानाच्या दंडानंतर जागा झाला. थिबाला संत ठरवण्याची मला गरज नाही. अन्याय सज्जनांवरच झाला तर तो अन्याय, हा कुठला न्याय?

आता मूळ मुद्द्याकडे येते.

राजाला चार मुली. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, धाकटी रत्नागिरीत. त्या इथे लहानाच्या मोठ्या झाल्या, मराठी बोलू लागल्या, आणि फाटकाच्या आत वयात आल्या. राजकन्येला राजरक्ताचाच वर हवा, हा आईबापांचा हट्ट. आणि ब्रह्मदेशाच्या राजघराण्याशी कुणाचे नाते जुळू नये, हे सरकारच्या हिताचे. या दोन भिंतींमध्ये चार आयुष्ये कोंडली गेली. थोरल्या राजकन्येचे मन पहाऱ्यावरच्या गोपाळ सावंत या माणसावर जडले. तो विवाहित होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. तीच टुटू.

ही हकिकत आमच्याकडे आजही कशी सांगतात, ते ऐकण्यासारखे आहे. डोळे मिचकावून. ‘राजकन्या गेटवाल्याच्या प्रेमात पडली’ म्हणून. बापाच्या राज्यहरणाबद्दल हळहळणारी माणसे मुलीच्या कोंडमाऱ्याची मात्र चटकदार गोष्ट करतात. वीस-पंचवीस वर्षांची स्त्री, जन्मभर पहाऱ्यात. त्या पहाऱ्याच्या बाहेरचा एकही पुरुष तिच्या दृष्टीस पडण्याची सोय नव्हती. मग तिचे मन पहारेकऱ्यावर जडले यात चटकदार काय आहे?

राजाच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परतण्याची मुभा मिळाली. सुपयालत राणी रंगूनला गेली आणि १९२५ मध्ये तिथेच वारली. मंडाले तिला पुन्हा लाभले नाही. थोरली राजकन्याही लेकीला घेऊन गेली होती. पण ती परत आली. लक्षात घ्या, कैद संपल्यावर, कुणी बोलावले नसताना, ती रत्नागिरीला परत आली. १९४७ मध्ये ती इथेच वारली. मला विचाराल तर थिबा घराण्याचे रत्नागिरीशी खरे नाते या परतीपासून सुरू होते. त्याआधी होता तो बंदिवास.

टुटू इथलीच झाली. शाळा तिच्या वाट्याला आली नाही. तिचे लग्न रत्नागिरीतल्याच एका साध्या मराठी माणसाशी झाले, संसार झाला, मुलेबाळे झाली. ती मराठीच बोले. कागदाची फुले करून विकी, शेणी थापून विकी. कोनबाउंग राजाची नात! जिच्या आजोबांपुढे सरदार गुडघे टेकून बसत, ती आमच्या गल्लीबोळांतून शेण्यांची पाटी घेऊन जात असे. २००० साली ती वारली. वय नव्वदीच्या पलीकडे. त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि रत्नागिरीचा हा राजा जगभरच्या वाचकांना माहीत झाला. पुढे सुधा शाह यांनी ‘द किंग इन एक्झाइल’ या ग्रंथात, २०१२ मध्ये, चारही राजकन्यांची आणि टुटूची कहाणी कागदपत्रे व मुलाखती यांच्या आधारे सविस्तर मांडली. हे काम मराठीत, रत्नागिरीतून, टुटू हयात असताना व्हायला हवे होते. ती बोलत होती आपल्या भाषेत. लिहून घ्यायला कुणी गेले असते, तर तिला दुभाष्या लागला नसता.

माझ्या आजीने टुटूला पाहिले होते. कशी होती, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘अगो, कशी असणार? आपल्यासारखी. गोरी जरा, डोळे बारीक. फुलं छान करी.’ एवढेच. मी चिडले होते. इतिहास दारावरून गेला आणि तुम्ही फुलांचे कौतुक करीत बसलात! आज वाटते, की राजाची नात म्हणून नव्हे, तर फुले छान करणारी शेजारीण म्हणून तिला ओळखणारी निदान काही माणसे होती. आम्ही इतिहासप्रेमी तर तेवढेही केले नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक गोष्ट घडत होती. हवाई बेटांवर १७ जानेवारी १८९३ रोजी, थिबाच्या पाडावानंतर सातच वर्षांनी, राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून उतरवण्यात आले. तिथे सागवानाच्या जागी ऊस होता आणि बॉम्बे बर्माच्या जागी अमेरिकी मळेवाले. १८९५ मध्ये तिला होनोलुलूच्या इओलानी राजवाड्यातल्या एका खोलीत काही महिने कैद करून ठेवले. म्हणजे तिथे खराखुरा राजवाडाच तुरुंग झाला. इथे तुरुंगालाच राजवाडा म्हणतात. १९७८ पासून इओलानी राजवाडा संग्रहालय म्हणून खुला आहे. तिथे त्या खोलीला कैदेचीच खोली म्हणतात आणि कैदेत राणीने सोबतिणींसह शिवलेली गोधडी लोकांना दाखवतात. बेटांवर प्रिन्स कुहिओ आणि कामेहामेहा यांच्या नावाने सरकारी सुट्ट्या आहेत. एका राजकन्येच्या मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या शाळा आजही हवाईच्या मुलांना शिकवतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने त्या उलथापालथीबद्दल रीतसर माफी मागितली. तिथेही सगळे आलबेल नाही. जमीन गेली ती गेलीच, पर्यटकांची गर्दी तिथेही आहे. पण तिथल्या माणसाला विचारले की राणीला कुठे कोंडले होते, तर तो ती खिडकी दाखवतो. आपण सूर्यास्त दाखवतो.

कुणी म्हणेल, तो राजा हवाईकरांचा स्वतःचा, थिबा आपला कोण? प्रश्न रास्त आहे. थिबा आपला राजा नव्हता. पण टुटू आपली होती. मराठी बोलणारी, मराठी घरात नांदलेली, रत्नागिरीच्या मातीत गेलेली. ‘थिबा पॉइंट’ हे नाव आपण अभिमानाने उच्चारतो आणि टुटूच्या नावाने या गावात एक बाकदेखील माझ्या पाहण्यात नाही.

आणि राजाची समाधी? ती पाहिलेले किती जण हा थ्रेड वाचत आहेत? राजवाड्याला गेलेल्यांपैकी फार थोडे, याची मला जवळपास खात्री आहे. थिबाचा देह मायदेशी न्यावा अशी सुपयालतची विनंती होती. सरकारने ती मान्य केली नाही. राजाचे प्रेत मंडालेला गेले तर लोक पेटतील, ही भीती. दोन वर्षांहून अधिक काळ त्याची शवपेटी तशीच ठेवलेली होती. अखेर १९१९ मध्ये त्याला आणि १९१२ मध्येच वारलेली धाकटी राणी सुपयागले हिला रत्नागिरीत कायमचे ठेवले गेले.

बाकीच्या वस्तू मात्र एकेक करून घरी गेल्या. मंडालेचे सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात होते, ते १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाला परत केले गेले. लंडनच्या संग्रहालयातली राजचिन्हे १९६४ मध्ये परत गेली. राजा अजून इथेच आहे. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले. २०१६ मध्ये मृत्यूची शताब्दी झाली तेव्हा राजाचे वंशज आले आणि म्यानमारचे लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंगही आले. याच गृहस्थांनी पुढे २०२१ मध्ये स्वतःच्या देशातले निवडून आलेले सरकार उलथवले. पदच्युत राजाच्या समाधीपुढे नतमस्तक होणारा सेनापती, पुढे स्वतःच इतरांना पदच्युत करणारा! राजवारसा कुणाच्याही हातात किती मुकाट्याने जाऊन बसतो, याचे दर्शन आपल्याच गावात घडून गेले आणि आपण त्याचीही स्थानिक बातमीच केली.

तेव्हा चित्रफिती करणाऱ्या माझ्या समवयस्कांना मागणे एवढेच. थिबा पॉइंटला जा, खाडीचे चित्रण करा, बासरीही लावा. पण वर अश्रूंची कपोलकल्पित ओळ लिहिण्याऐवजी १८८५ लिहा, सागवान लिहा, मुंबईच्या कंपनीचे नाव लिहा. राजवाड्याच्या माहितीफलकावर ‘बंदिवास’ हा शब्द असावा, अशी मागणी पुरातत्त्व विभागाकडे आपण मिळून करू. मसुदा मी करते, सह्या तुम्ही जमवा. आणि ज्यांच्या घरी आज्या-पणज्या आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांना टुटूबद्दल विचारा. काय घाली, कुठे बसे, फुलांना कुठला कागद वापरी, कुणाच्या लग्नात तिने मुंडावळ्या केल्या, जे आठवेल ते लिहून घ्या. माझी आजी गेली. तिला मी फक्त एकच प्रश्न विचारला होता.